सत्याचं पाणी आणि धुण्याचा सोडा

लॉन्ड्रीसमोर ही गर्दी! काम ना धाम, निम्मी पेठ चवड्यांवर उभी. आत काउंटरवर काचेचं भांडं, त्यात नितळ पाणी आणि मागे मालकांनी बोलावलेले झुलपंवाले बाबा. गिऱ्हाइकाच्या कोटातलं घड्याळ हरवलं होतं. धुणाऱ्या मावशीवर आळ होता. तो खरा ठरला तर गावात तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"हे सत्याचं पाणी," बाबा गरजले. "शुद्ध हाताला शुद्ध, पापी हाताला रक्त!"

मालकांनी हात बुडवला. काही नाही. इस्त्रीवाल्यानं बुडवला. काही नाही. मावशीनं बोटं घातली न घातली तोच पाणी गुलाबी झालं.

"चोर, चोर," गर्दी ओरडली. मालकांनी सुस्कारा सोडला, "आणि मी हिला घरच्यासारखं वागवलं."

मास्तरीणबाई धक्के देत आत शिरल्या. मावशी त्यांची सख्खी मावशी; तिच्या धुण्यावरच बाई शिकल्या होत्या. विज्ञान शिकवून घसा बसला, आणि त्यांचेच जुने विद्यार्थी इथं हात जोडून उभे. बाईंचं डोकं फिरलं.

"बाबा, ताजं पाणी ओता. तुमच्याच तांब्यातलं."

"देवाची परीक्षा घेऊ नये, मुली."

"देवाची कोण घेतंय? तुमची घेतेय."

कुणीतरी फिदकन हसलं, म्हणून बाबांना ओतावं लागलं. बाईंनी मागच्या धुण्याच्या टबात हात बुडवला आणि तोच भांड्यात घातला. पाणी गुलाबी.

"मी आत्ता शाळेतून आले. ते घड्याळ डोळ्यांनी पाहिलं नाही. मग मीही चोर का? अरे, टबात धुण्याचा सोडा आहे. बाबांच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन, प्रयोगशाळेतलं साधं रसायन. सोडा लागला की ते गुलाबी होतं. नववीत करून दाखवलं होतं मी, दोनदा. इथं सोड्यात हात कोण घालतं? एकटी मावशी. राबणारा हात चोर, आणि गल्ल्यावरचा साव."

बाबांनी तांब्या उचलून काढता पाय घेतला. मालक जमिनीकडे बघत म्हणाले, "झालं गेलं विसरा. मावशी, कपडे तुंबलेत, लागा कामाला."

"लागते की," मावशी म्हणाली. "चोर ठरवलंत सगळ्यांसमोर. चोर नाही, हेही सगळ्यांसमोर म्हणा."

मालक गप्प. मघाशी बेंबीच्या देठापासून ओरडणारी गर्दीही गप्प. मावशीनं फडक्याला हात पुसले आणि ती पायऱ्या उतरून गेली.

"चमत्कार दिसला की विचारा, हे कशानं झालं?" बाई गर्दीकडे वळल्या. "आणि उत्तर कळलं की तेही तेवढ्याच मोठ्यानं बोला. बाबा तर पळाला. त्याचं उरलेलं काम आत्ता तुम्ही गप्प बसून पुरं केलंत."