खिडकी उघडी ठेव

मास्तरांच्या बँडला लग्नाचं बोलावणं कधी आलं नाही. त्यांचा बँड अंत्ययात्रेचा. आणि त्यांची ती फ्रेंच धून सुरू झाली की दगडालाही पाझर फुटायचा. जुन्या बाजारात मिळालेल्या एका तबकडीवरून मास्तरांनी ती क्लॅरिनेटवर बसवली होती. शब्द कुणालाच कळत नव्हते. पण चाल इतकी संथ, की गाणं दुःखाचंच असणार याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. देवाचं नाव घेऊनच ते ती वाजवत.

बेकरीवाल्या आजोबांना निरोप देतानाही तीच धून वाजली. सगळे डोळे पुसत होते. आजोबांची धाकटी सून, शाळेत फ्रेंच शिकवणारी, रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होती. केवढी ही सासऱ्यावर माया, मास्तरांना वाटलं. जवळून पाहतात तो बाई हसत होती!

स्मशानातून सगळे आजोबांच्या घरी परतल्यावर मास्तरांनी तिला फाटकाशी गाठलं. "सूनबाई, काही चुकलं का आमचं?"

"नाही हो काका, सूर चोख होते. पण ते गाणं... आता कसं सांगू?"

"सांगून टाका."

"तो तिला म्हणतो, खिडकी उघडी ठेव, मी येतोय. दिवा मालव. शेजारी जागे झाले तर होऊ देत, सकाळपर्यंत मी काही तुला सोडत नाही."

ढोलवाल्याने कपाळावर हात मारला. "अरे देवा! मास्तर, हे आपण न्यायाधीशसाहेबांच्या मयताला वाजवलंय!"

"आणि तुझ्या आत्याच्या," ट्रम्पेटवाला म्हणाला. "जन्मभर लग्नाचं नाव काढू दिलं नाही बिचारीने."

"गप्प बसा रे!" मास्तरांचे कान तापले. इतक्या घरांच्या दुःखाची आपण थट्टा केली की काय? सांगावं तर पुन्हा कोण दारात उभं करणार? आणि लपवावं, तर क्लॅरिनेट ओठांना लावायची हिंमत होणार नव्हती.

ते तसेच आत गेले. आजोबांच्या पत्नी, आजी, खुर्चीत बसून होत्या. सकाळपासून त्यांनी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मास्तरांनी हात जोडले आणि खाली मान घालून गाण्याचा सगळा अर्थ सांगून टाकला. "माफ करा, आजी. आजपासून ती धून बंद."

आजींनी हळूच विचारलं, "शेजारी जागे झाले तर होऊ देत?"

"असंच म्हणतो म्हणे तो."

आजींना खुदकन हसू फुटलं. "अहो, पहाटे भट्टी पेटवायची म्हणून दिवा मालवायच्या आधीच घोरायचे हे! एवढं आर्जव जन्मात केलं नाही. आज केलं, तेही तुमच्या तोंडून." त्यांनी डोळे टिपले, सुनेकडे पाणी मागितलं आणि घटाघट प्यायल्या. "बंद कसली करताय? वाजवा पुन्हा."

मास्तरांच्या जिवात जीव आला. "मग चाल जरा जलद घेऊ? गाणं आनंदाचं आहे."

"नको हो, सावकाशच घ्या," आजी म्हणाल्या. "गुडघे धरले होते ह्यांचे. खिडकीपर्यंत चढायला वेळ लागेल."