काळा कोट काढला त्या दुपारी

मित्रांनो, पेणच्या कोर्टासमोर एका वकिलाची खोली आहे. तिथे दाराआडच्या खुंटीवर जो जुनाट काळा कोट लोंबकळतो ना, तोच मी. माझ्या कोपरांना ठिगळं आहेत, बाह्या विटून तपकिरी झाल्या आहेत आणि छातीवर डाव्या बाजूला एक पांढुरका डाग आहे. धोब्याने त्याच्यापुढे हात टेकले. गेला नाही तेच बरं झालं, का ते पुढे कळेलच.

बाजारपेठेतल्या एका शिंप्याने मला शिवलं. गिऱ्हाईक होते दिनानाथ वकील, नुकतीच सनद मिळालेले. मला घालून त्यांनी आरशात पाहिलं आणि आधी त्यांची मान ताठ झाली, मग मिशी. कोकणातल्या उकाड्यात काळा कोट घालून हिंडणं म्हणजे काय असतं ते मला विचारा! पण दिनानाथ मला चहा पितानासुद्धा काढायचे नाहीत. "कोट आहे म्हणून वकील आहे," म्हणायचे. खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या गावांतली माणसं मला पाहून चपला बाहेर काढत, हात जोडत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमची कामं म्हणजे जमिनीचे दावे आणि बांधावरची भांडणं. कधीमधी एखादं लहान पोर चोरीच्या आळात सापडायचं. तेव्हा सगळ्याच वकिलांचा एक ठरलेला रिवाज होता. गुन्हा कबूल करायचा, थोडासा दंड भरायचा आणि संध्याकाळी पोर घरी. गरिबाचे हेलपाटे वाचले म्हणून सगळे खूश!

शहाण्णव सालच्या मार्चमध्ये बायजाबाई आमच्याकडे आली. वडखळजवळच्या मिठागरावर ती काम करायची. तिची मुलगी जनी एका व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासायला जात होती. त्या घरातले चांदीचे पैंजण जनीच्या पायात सापडले आणि चोरीचा गुन्हा दाखल झाला. पोर जामिनावर सुटली होती, सोमवारी तारीख होती. जनी अंगाने थोराड, पण मान खाली घालून गप्प उभी.

"वय काय हिचं?" दिनानाथांनी विचारलं.

"एकोनीस," बायजाबाई चटकन म्हणाली. "पोलिसांनी बी तेच लिवलंय. तेच ऱ्हाऊ द्या, सायेब."

दिनानाथांनी मान डोलावली. "सोमवारी कबूल कर गो पोरी. दंड भरलास की सुटलीस." जनीने मान हलवली आणि दोघी गेल्या.

मधल्या शनिवारी रोह्याला वकिलांसाठी शिबिर होतं. विषय होता, लहान मुलांचे खटले कसे चालवावेत. "वीस वर्षं वकिली केली, आता मला पाटी-दप्तर देऊन बसवतायत!" असं म्हणत दिनानाथ एसटीत चढले. जेवण चांगलं असतं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून गेले इतकंच. शिबिर एका शाळेत होतं. पोरांच्या बाकांत सगळे वकील गुडघे अडकवून बसले होते. बघण्यासारखी मजा होती हो!

शिकवायला अलिबागच्या प्रणिताताई होत्या, दिनानाथांपेक्षा वयाने लहान. त्यांनी नेमकं दिनानाथांनाच पुढे बोलावलं आणि जमिनीवर बसायला सांगितलं. मग पाच-सहा वकिलांना कोटांसकट त्यांच्याभोवती उभं केलं.

"आता वर बघा, आणि तुम्ही काय चोरलंत ते आम्हाला सांगा."

सगळे हसले. दिनानाथांनी हसत वर पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. मीही पाहिलं. वर नुसते माझेच भाऊबंद, काळेच काळे, माणसांचे चेहरे दिसेनात. मित्रांनो, आपण खालून असे दिसतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"मुलांना आधी गुन्हा विचारू नका," प्रणिताताई म्हणाल्या. "आईबाप वय वाढवून सांगत असतील तर का सांगतायत ते विचारा. आणि कबुलीची घाई नको. मोठ्यांच्या कोर्टात पोर एकदा चोर ठरलं की तो शिक्का जन्मभर राहतो. मुलांच्या कोर्टात तो बसत नाही."

परतीच्या एसटीत दिनानाथ माझी बाही उलटसुलट करून बघत राहिले. जेवण कसं होतं, तेही त्यांना आठवत नसावं.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात बायजाबाई मिठागरावरून थेट आली होती. तिचे हात ओले आणि खारट होते. दिनानाथांनी मला काढलं. चारचौघांत, भर दुपारी! तिथे खुंटी नव्हती, म्हणून मला तिच्या हातात दिलं आणि स्वतः जनीसमोर फरशीवर बसले. जनीच्या मुठीत खेळायचे गजगे, म्हणजे सागरगोटे होते. दिनानाथांनी त्यातले दोन उचलले, वर उडवले आणि दोन्ही पाडले.

"असं नाय वो, सायेब," जनी पहिल्यांदाच बोलली आणि तिने झेलून दाखवले. थोडा वेळ नुसता खेळच चालला. मग कुणी न विचारता ती म्हणाली, "मी पैंजणं चोरली नाय. घालून बघितली, वाजतात कशी ती. तवर बाईचा आवाज आला. मी भ्याले नि तशीच घराकडं पलाले."

"तुझं वय किती गो खरं?"

"मना म्हाईत नाय. सरू नि मी एकाच सालातल्या. ती यंदा नववीला हाय."

म्हणजे जेमतेम पंधरा! दिनानाथांनी बायजाबाईकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"लोक बोलले, ल्हान हाय सांगशील तं रिमांड होमला टाकतील. मंग माजी पोर मना गावायची नाय."

"मी पोर तुमच्याच ताब्यात मागणार आहे."

"आन नाय दिली तं?"

"मी अलिबागला मुलांच्या कोर्टात सोबत येईन. प्रत्येक तारखेला."

बायजाबाईने मला छातीशी घट्ट आवळलं. मला तर श्वासच घेता येईना! मग तिने मान हलवली. "खरं काय त्येच सांगा, सायेब."

तिच्या ओल्या हाताचा डाग घेऊनच मी कोर्टात उभा राहिलो. दिनानाथांनी जनीचं खरं वय आणि पैंजणांची हकिकत सांगितली. न्यायाधीशांनी जनीकडे नीट पाहिलं, डॉक्टरांकडून वय तपासायला सांगितलं आणि तोवर तिला आईकडेच ठेवलं. पुढे खटला अलिबागला मुलांच्या कोर्टात गेला. दिनानाथ प्रत्येक तारखेला हजर राहिले. शेवटी जनीला समज देऊन आईच्या स्वाधीन केलं. चोर हा शिक्का तिच्या कपाळी बसला नाही.

आता दिनानाथांकडे नवा कोट आहे आणि मी खुंटीवर असतो. परवा जनी आली होती. शिवणकाम शिकली आहे. मला पाहताच म्हणाली, "ह्योच ना तो?" आणि मांडीवर घेऊन माझ्या फाटक्या कोपरांना तिने ठिगळं लावली. दिनानाथांनी डाग दाखवून विचारलं, "याच्यावरही एक लावतेस का?"

"नको, सायेब. माज्या आयचा हात हाय तो."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या वकील होईल. माझ्यासारखा कोट जरूर शिवा, ऐटीत घाला. पण समोर घाबरलेलं पोर आलं, तर आधी तो खुंटीवर टांगा आणि खाली बसा. इतकी वर्षं मी अंगावर मिरवलो, पण माझा खरा उपयोग झाला तो मला काढून ठेवलं त्या दुपारी.