आजारफंडाची सभा

झुंबरबाईच्या जिवाला सकाळपासून घोर लागला होता. सभा संपेपर्यंत नवऱ्याला खोकला येऊ नये, एवढंच तिचं देवाकडं मागणं. आकाराम कापूस पिंजायच्या खात्यात बारा वर्षं कामाला. दोन महिने झाले, रुमालावर रक्त दिसायला लागलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, मिरजेला न्या, हयगय करू नका. आता मिरजेचा खर्च म्हणजे काय थट्टा आहे? तो निघणार होता फक्त कारखान्याच्या आजारफंडातून. पण रक्ताचं मॅनेजरच्या कानावर गेलं, की माणूस दुसऱ्या दिवशी दाराबाहेर. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, की आधी फंडाची खात्री करून घ्यायची आणि मगच तोंड उघडायचं. मग काम गेलं तरी बेहत्तर.

आणि फंडाचंच काही खरं नव्हतं. संस्थान विलीन झालं तशी दरबाराकडून येणारी मदत आटली. मुंबई सरकारकडं तीन अर्ज गेले. उत्तर म्हणाल तर, विचार चालू आहे. करा विचार, आजार थांबतोय होय तोवर! औषधं महागली ती वेगळीच. चिटणीस गणपतरावांचं म्हणणं, वर्गणी दोन आण्यांची सहा आणे करू, पण कुणाला टाकायचं नाही.

रविवारी कारखान्याच्या आवारात चाळीस माणसं जमली. मॅनेजर खुर्चीत, पुढं पुरुष, मागं बायका; मत दोघांनाही. गडमुडशिंगीहून चालत येतानाच आकारामला दोनदा ढास लागली होती. आता तो दाढेखाली लवंग धरून ताठ बसला होता आणि झुंबरबाई त्याच्या पाठीमागंच, त्याचे खांदे हलतात का बघत.

गणपतरावांनी हिशेब वाचला. लोक कुरकुरले, सहा आणे काय झाडाला लागतात का? मग हंबीरराव मुकादम उठला. त्याचा आवाज असा, की पलीकडच्या पेठेत ऐकू जावा. तो म्हणाला, वर्गणी वाढवायची गरजच काय, जुनाट दुखणेकऱ्यांना फंडातून वगळा. धडधाकटांनी घाम गाळायचा आणि दुसऱ्यांनी खाटेवर पडून खायचं, हा कुठला न्याय? मेल्याच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. सयाजी पैलवानानं त्याला हटकलं, की उद्या तुझ्यावर पाळी आली तर? हंबीररावानं तिकडं लक्षच दिलं नाही.

"ठराव पटलेल्यांनी हात वर करा," तो म्हणाला. "ज्याच्या छातीत खोट हाय, त्यो खाली ठेवंल. सायबास्नी बी कळू दे की कोण कोण हाय ते."

मॅनेजरनं चष्मा पुसून नीट घातला. झुंबरबाई नवऱ्याच्या आणखी जवळ सरकली. आकारामचा हात मांडीवरच होता, खांदे मात्र हलायला लागले होते. साहेबाची नजर एकेक माणूस सोडत त्यांच्याकडंच सरकत होती. तिनं पदराआडून बोट काढलं आणि नवऱ्याच्या पाठीत टोचलं. अगं बाई, हे मी काय केलं, असं मनात येईस्तोवर त्याचा हात वर गेला होता. तिनं आपलाही केला.

तेवीस हात वर, सतरा खाली. खालच्यांत सयाजी होता, जो आयुष्यात कधी शिंकला नसेल. ठराव पास झाला.

सभा उठली तसा आकाराम तोंडावर रुमाल दाबून कारखान्यामागच्या भिंतीकडं पळाला. ती मागोमाग गेली. भिंतीपाशी उभं राहायला जागा नव्हती. सात-आठ जण आधीच तिथं ओणवे होऊन खोकत होते. सगळे पिंजायच्या खात्यातले, आणि मघाशी सगळ्यांचे हात वर. एवढ्यांनी खाली ठेवले असते, तर हंबीररावाची डाळ शिजली नसती. आता कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आकाराम सरळ झाला. तिला दिसू नये म्हणून त्यानं रुमालाची घडी घातली.

"तू टोचलं नसतंस तरी बी म्या हात वर केलाच असता की," तो म्हणाला.

तिच्या जिवाला लागू नये म्हणून म्हणाला, हे तिला कळलं. वीस वर्षांच्या संसारात त्याला खोटं बोलायला कधी जमलं नव्हतं. तिथंच, सगळ्यांच्या देखत, तिला रडू फुटलं.