अरादची मतं

"अरादची मतं मोजली जाणार नाहीत," आखातातल्या कोकणी मंडळाचे सचिव इलियास दळवी यांनी सांगितलं, तशी मनामाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतली अरादची शरीफुन्निसा उठून उभी राहिली. सलमानिया हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून ती थेट आली होती. नर्सचा पांढरा गणवेश अजून अंगावर होता.

भानगड जुनीच होती. मंडळाचा अध्यक्ष शाखांच्या मतांवर ठरायचा. पहिल्या शुक्रवारी मनामा, मग सनाबिस आणि सगळ्यात शेवटी पुलापलीकडचं अराद. अरादची पाळी येईपर्यंत निकाल लागल्यात जमा असे, त्यामुळे उमेदवार पूल ओलांडून तिकडे फिरकतही नसत. यंदा अरादचे शाखाप्रमुख रहिमतुल्ला यांनी नियम धाब्यावर बसवला. मनामाच्याही आधी त्यांनी चार पुरुष दिवाणखान्यात जमवले, हात वर करायला लावले आणि शाखेची सगळी मतं अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या मेहुण्याच्या, हुसेनच्या नावावर टाकली.

"नियम मोडला, शिक्षा व्हायलाच पायजे," शरीफुन्निसा म्हणाली. "पण मोडला कोणी? मी तवा वॉर्डात होते. माझा मत मी दिलाच नाय, आणि तुमी म्हणता तो गेला."

आज सोडलं तर उद्या सनाबिसवालेही हेच करतील, असं इलियासभाईंचं म्हणणं. सोडू नकाच, ती म्हणाली. ते मतदान रद्द करा आणि आमच्या ठरल्या शुक्रवारी पुन्हा घ्या, चिठ्ठ्या टाकून, बायकांसकट. हॉलमध्ये बराच वेळ गलका झाला. शेवटी इलियासभाईंनी एकच अट घातली: शाखाप्रमुखांनी स्वतः येऊन चूक कबूल करायची.

रहिमतुल्ला चूक कबूल करणार, यावर हॉलमधल्या कुणाचाच विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती अरादच्या किल्ल्यामागच्या त्यांच्या घरी गेली. रहिमतुल्लाचाचा घुश्शातच होते. आपण शाखेचा मान राखायला हे केलं आणि आपल्याच शाखेची बाई भर सभेत उलटली, असं त्यांनी सुनावलं. शरीफुन्निसाने ऐकून घेतलं. आपल्याला कायम शेवटी बसवतात ही तुमची तक्रार खरी आहे, असंही ती म्हणाली. पण आधी आपल्याला उशिरा मोजायचे, आता मोजणारच नाहीत.

"आणि दुसऱ्यांदा हुसेन नाय आला तर?" चाचांनी विचारलं.

"नाय तर नाय, चाचा. पण मत आमचा असंल."

तेवढ्यात चाचांची बायको नसीबा चहा घेऊन आली. ट्रे खाली ठेवत ती नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या दिवशी चहा मीच दिलाव सगळ्यांना. मना पण कोणी विचारला नाय."

त्या आठवड्यात रहिमतुल्ला एकटे मनामाला जाऊन आले. तिथे काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण मतदान रद्द झाल्याचा फोन इलियासभाईंनी शरीफुन्निसाला केला. तिने शिफ्ट बदलून घेतली आणि मतदानाचं सांगत अरादमधलं एकेक घर गाठलं.

गंमत अशी की मनामा आणि सनाबिस मिळून हुसेन आणि दुसरा उमेदवार फारुख अगदी बरोबरीत आले. सगळं अरादवर येऊन ठेपलं. पहिल्यांदाच दोन्ही उमेदवार पूल ओलांडून आले, दारोदार फिरले, घाम पुसत सरबत प्यायले. शुक्रवारी नमाजानंतर शाखेच्या खोलीपासून गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली. निम्म्याहून जास्त बायका होत्या. शरीफुन्निसाने आयुष्यातलं पहिलं मत दिलं आणि बाहेर येऊन उगाचच हसत सुटली.

फारुख निवडून आला. निकाल त्याच खोलीत रहिमतुल्लांनीच वाचला. एकही शब्द त्यांनी गिळला नाही. हुसेनने उठून फारुखला मिठी मारली, टाळ्या झाल्या, आणि लोक उठायला लागले, तेव्हा चाचांनी हातानेच सगळ्यांना थांबवलं.

पुढल्या वेळेपासून सगळ्या शाखांचं मतदान एकाच शुक्रवारी व्हावं, कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, असा मंडळाकडे पाठवायचा ठराव त्यांनी मांडला. शरीफुन्निसाने अनुमोदन दिलं. खोलीभर हात वर झाले. काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या. चाचा बोटाने एकेक हात मोजत शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि आकडा सांगायला वळले.

"चाचा," शरीफुन्निसा हळूच म्हणाली, "तुमचा राहिला."

रहिमतुल्लांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि आपला हात वर केला.