झाकणाखालचं उत्तर

आमच्या आईला घाई कधी मानवली नाही आणि आमच्या दादाला घाईशिवाय काही मानवत नाही. ही दोन माणसं मायलेकरं कशी, हे मला आजवर कळलेलं नाही.

अर्धांगाच्या झटक्यात आईचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. जन्मभर शाळेत पोरांना भाषा शिकवलेली बाई, पण 'पाणी' म्हणायचं तर घशातून नुसता आवाज निघायचा. शब्द तिला मनातसुद्धा चटकन सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सापडतात, पण वेळ लागतो. मग दादाने आपला जुना लॅपटॉप आणून दिला. त्यात एक प्रोग्राम होता. चौकटीत लिहायचं, खालचं बटण दाबायचं, की कुणा अनोळखी बाईचा आवाज ते वाचून दाखवायचा.

लॅपटॉप म्हणजे निव्वळ म्हातारबा. तो सुरू होईपर्यंत मावशी, म्हणजे आईची देखभाल करणाऱ्या बाई, कुकर लावून, भाजी चिरून परत यायच्या. म्हणून आम्ही तो कधी बंदच करत नव्हतो. नुसतं झाकण लावायचं. कडेला एक बारीक पांढरा दिवा लुकलुकत राहायचा आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की आईचं अर्धं राहिलेलं वाक्य जिथल्या तिथे. अर्धवट बोलणं आईच्या स्वभावात नाही. मनासारखं लिहून झाल्याशिवाय ती बटण दाबत नसे, मग त्याला दोन दिवस लागोत. दाबल्यावरही म्हातारबा आधी विचारात पडायचा. तेवढ्यात मी तिची नखं कापायची, नाहीतर नुसती हात धरून बसायची.

मधे मावशींनी सांगितलं की त्यांना आता लेकीकडे कायमचं जायचंय. आता आईने इथेच राहायचं आणि दुसरी बाई शोधायची, की दादाकडे जायचं? मी रोज येऊन जायची, पण माझं घर एवढंसं, तिथे तिची चाकाची खुर्ची वळणारसुद्धा नाही. रविवारी दादा तिच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"आई, तू सांगशील तसंच करायचं. तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही."

हे त्याने मनापासून म्हटलं होतं. दादा घायकुता आहे, पण लबाड नाही.

आई सोमवारी सकाळीच लिहायला बसली. डाव्या हाताचं एक बोट. थोडं लिहायची, खिडकीबाहेर बघत बसायची, त्यातलं निम्मं पुसायची. कुणी मागून गेलं की पेपर लिहिणाऱ्या पोरीसारखी स्क्रीनवर हात धरायची. एकदा चहा ठेवताना मला पहिले दोन शब्द तेवढे दिसले. 'मला इथे.' तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने कप ठेवून परतले. शनिवारी दुपारी मात्र तिने मला खुणेने जवळ बोलावलं, स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि मग उद्याची खूण केली. दादा आला की.

रविवारी दादा आला तो लॅपटॉपचा वेग वाढवायला खिशात नवी रॅम घेऊनच. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तोच बघतो. आईचं उत्तर इतके दिवस अडलंय ते या डबड्यामुळे, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी आणि मावशी आईला अंघोळ घालत होतो. म्हणजे अडवायला बाहेर कुणीच नव्हतं.

आम्ही आईला घेऊन बाहेर आलो तर लॅपटॉप टेबलावर पालथा. मागचं झाकण उघडलेलं, बॅटरी बाजूला, बशीत स्क्रू. कडेचा दिवा विझलेला.

आईच्या तोंडून एक आवाज आला. तिने डावा हात टेबलावर आपटला.

"अगं, काही मोडत नाही, आई. पाच मिनिटांचं काम आहे."

"दादा," मी म्हटलं, "बंद करून उघडलास ना?"

"बंदच होता की. झाकण लावलेलं होतं."

त्याच्या ऑफिसात संध्याकाळी सगळे आपापलं मशीन नीट बंद करून घरी जातात. आमच्या घरची रीत त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो रविवारचा पाहुणा. मी त्याला सांगितलं. सहा दिवसांचं लिहिलेलं उत्तर चौकटीत तसंच होतं आणि ते दाखवायला आई त्याचीच वाट बघत होती.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "आपोआप कुठेतरी राहिलं असेल," तो म्हणाला. "काही प्रोग्राम ठेवतात. चालू तर होऊ दे."

पण तो चालू होईना. नवी रॅम जुनीच्या शेजारच्या खाचेत बसवून त्याने बटण दाबलं. पंखा फिरला, तीनदा टूंटूं वाजलं, स्क्रीन काळीच. त्याने नवी काढून पुन्हा दाबून बसवली. तेच. खाचा बदलल्या. तेच. नुसती नवी लावली, तरी तेच. मग माझ्याकडे खोडरबर मागून तिच्या सोनेरी दातऱ्या घासल्या, फुंकर मारली. म्हातारबा ढिम्म.

"जुनीच लाव ना परत," मी म्हटलं. "पूर्वी चालत होतं ना त्याच्यावर?"

त्याने जुनी एकटी लावली. आता तर टूंटूंही नाही. आई खुर्चीत बसून त्याच्या हातांकडे बघत होती. केस ओलेच होते, मावशी पुसायला गेल्या तर तिने मान बाजूला केली. उंटावरचा शहाणा, असं मी दादाला एरवी तोंडावर म्हटलं असतं. त्या दिवशी म्हणवेना. त्याच्या कपाळावरचा घाम टपटप स्क्रूंच्या बशीत पडत होता.

शेवटी त्याने दुकानदाराला फोन लावला. तो पलीकडून शांतपणे म्हणाला, "एवढ्या जुन्या मॉडेलला एका खाचेत आठ जीबीची चालत नाही, साहेब. चारची घ्या. आणि आता बॅटरी, चार्जर दोन्ही काढा, चालू करायचं बटण दाबून धरा, आत राहिलेला करंट उतरू द्या. मग जुनी लावून बघा."

दादाने बटण दाबून धरलं. नख पांढरं होईपर्यंत धरलं. मग चार्जर लावला आणि म्हातारबा कण्हत कण्हत उठला. नेहमीसारखाच सावकाश. आम्ही चौघंही त्याच्याकडे डोळे लावून. प्रोग्राम उघडला.

चौकट कोरी होती.

दादाने सगळीकडे शोधलं. नसलेल्या ठिकाणीही शोधलं. मग उठला आणि चपला अडकवून दुकानात गेला. चारची रॅम घेऊन आला, बसवली. आता तिची कुणालाच गरज नव्हती, पण हातांना काहीतरी करायला हवं असतं. ती मात्र बिनतक्रार चालली. बटण दाबायचा अवकाश, म्हातारबा एखाद्या पोरासारखा टणकन जागा झाला.

दादा आईसमोर स्टूलवर बसला. "आई, माझी चूक झाली. पुन्हा लिही. लागू दे किती वेळ लागायचा तो. मी येतच राहीन."

आईने बोट पुढे केलं. 'मला' लिहिलं. बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. ओठ हलत होते. एक अक्षर लिहिलं, पुसलं. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा पुसलं. मग तिने 'मला'ही पुसलं, भराभर काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं.

"तुम्ही ठरवा," ती अनोळखी बाई म्हणाली. तत्क्षणी. हात धरायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आई आता दादाकडे असते. त्याने तिला खिडकीजवळची खोली दिलीय, सून जीव लावते, नावं ठेवायला कुठे जागा नाही. दादा दर रात्री आठवणीने लॅपटॉप नीट बंद करतो. एरवी कशाने हलत नाही माझा दादा, पण ते करताना त्याच्याकडे बघवत नाही.

मी गेले की आईला विचारते, इथे बरं वाटतं ना? ती लिहिते, 'हो.' आवाज लगेच येतो. जेवलीस? 'हो.' काही हवंय? 'नको.' पाच मिनिटांत आमचं सगळं बोलून होतं. 'मला इथे' हे दोन शब्द मी दादाला अजून सांगितलेले नाहीत. पुढे 'राहायचंय' असेल, नाहीतर 'एकटं वाटतं' असेल. ज्या दिवशी मनाची समजूत घालायची असते, त्या दिवशी मी दुसरं धरून चालते.

परवा निघताना आईने माझी ओढणी धरली. काहीतरी लिहायला लागली. मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा बसले. तिने बऱ्याच वेळाने एक ओळ लिहिली, वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग ओळ पुसून टाकली, भराभर दुसरंच काही लिहिलं आणि बटण दाबलं.

"उशीर होईल तुला," ती बाई म्हणाली.