दार रुसलंय

दादाची जिरवायची, एवढ्या एकाच हेतूनं मी वेबसाइट काढली. ग्राहकांची सेवा वगैरे नंतर सुचलेल्या गोष्टी.

दुकान बाबांचं, कुलूपदुरुस्तीचं. कानस कशी धरायची ते बाबांनी मला शिकवलं; दादा नुसता गल्ल्यावर बसायचा. बाबा गेले आणि त्यानं माझी हत्यारं पोत्यात भरून दाराबाहेर ठेवली. म्हणाला, "आता डिजिटल कुलपांचा जमाना आहे. तुझं इथे काय काम?" तेही मी सोसलं असतं. पण आई त्याच्याकडे राहत होती. त्यानं तिचा नंबर बदलला, नव्या फोनमध्ये माझा नंबर घातलाच नाही. मी भेटायला गेले की "आई झोपलीय." आणि तिला सांगितलं, "तिला आपल्याशी संबंधच ठेवायचा नाहीये." हे मला वहिनीनं सांगितलं आणि पुन्हा मूग गिळून बसली. त्या दिवशी मी ठरवलं, याच्या दुकानातला फोन मुका करायचा.

दादाच्या वेबसाइटवरचं पहिलंच वाक्य होतं, 'अत्याधुनिक गृहसुरक्षा उपाययोजना'. आता मला सांगा, टॉवेलवर जिन्यात अडकलेला माणूस हे टाइप करेल? लोक काय शोधतात ते दाखवणारं एक टूल असतं. शब्द टाकला की महिन्याला किती जणांनी तो शोधला ते कळतं. मी जेवता जेवतासुद्धा शब्द टाकून बघायचे. 'चावी आत राहिली'. 'दार लागलं आता काय करू'. 'कुलुप उघडणारा माणूस', तेही लु ऱ्हस्व. मी माझ्या पानावर तो ऱ्हस्वच ठेवला. अडलेला माणूस शुद्धलेखन बघत बसत नाही.

एक दिवस तर घबाडच सापडलं. दादाच्या दुकानाचं नाव आणि त्यापुढे 'कुलूप उघडत नाही'. बरेच लोक ते शोधत होते! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या शब्दांसाठी मी वेगळं पानच केलं. हळूहळू शोधयादीत माझी वेबसाइट त्याच्या वर चढली आणि फोन माझ्याकडे वाजू लागला.

एकदा त्याचाच आला. "बाबांच्या दुकानाच्या मुळावर उठलीस? लाज नाही वाटत?"

"रोज वाचतोस वाटतं माझं पान," मी म्हटलं. त्यानं फोन आपटला.

रोज वाचतो हे कळल्यावर मला आणखी एक खोडी सुचली. चावी आत राहून दार लागलं की बाबा म्हणायचे, 'दार रुसलं.' हे आमच्या घराबाहेर कुणी म्हणत नाही. टूलमध्ये टाकून पाहिलं, तर शून्य. कुणीही ते शोधत नव्हतं. असे शब्द वापरू नयेत असं या धंद्यातले लोक सांगतात. मी पानाच्या डोक्यावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दार रुसलंय? आम्ही समजूत काढतो.' दादाच्या डोळ्यांत खुपावं म्हणून, दुसरं काही नाही.

नंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हॅलो, आमचं दार रुसलंय हो. येता का कुणी?"

"आई?"

"तू आहेस होय? मग ये की लवकर. पाय गार पडलेत माझे."

कचरा टाकायला म्हणून ती अनवाणीच बाहेर आली होती आणि मागं दार लागलं होतं. दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे, थांब जरा." टाइप करायला चष्मा आत. म्हणून फोनमधलं माइकचं बटण दाबून तिनं बोलून शोधलं, बाबांच्या शब्दांत.

मी पोचले तेव्हा ती पायरीवर बसली होती. दारावर दादाच्या दुकानाचं डिजिटल कुलूप, आतली बॅटरी संपलेली. अशा कुलपाला खालून चौकोनी बॅटरी टेकवली की जीव येतो. दादानं हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. मी बॅटरी टेकवली, आईनं आकडे दाबले, दार उघडलं. तेवढ्यात दादा जिना चढून आला.

"हिला कुणी बोलावलं?"

"मी," आई म्हणाली. "हिला संबंध ठेवायचा नव्हता ना रे? मग धावत कशी आली?"

मला वाटलं, आता आई माझ्या गळ्यात पडून रडेल. तिनं आत जाऊन चष्मा आणला आणि माझं पान उघडलं.

"इथे तारे द्यायचे असतात ना गं?"

"आई, काही लिहू नकोस. लोक वाचतात," दादा म्हणाला.

"वाचावं म्हणूनच." तिनं पाचही तारे दाबले आणि फोन तोंडाजवळ धरून त्याच्या दुकानाच्या नावासकट सावकाश बोलली, "लेकाचं कुलूप बंद पडलं. लेकीनं उघडलं."

आता कुणीही दादाच्या दुकानाचं नाव शोधलं की आधी तेच दिसतं. आठवडाभर दम धरून त्यानं मला फोन केला. आवाज मऊ झाला होता.

"ते काढता येईल का गं?"

"ते आईलाच काढता येतं," मी म्हटलं. "तिला विचारून सांगते. तिचा नंबर आहे माझ्याकडे."