पिकलची शिदोरी

कुत्र्याला घेऊन कॅम्पिंगला जाण्यापेक्षा घरात लग्न काढलेलं परवडलं. लग्नात निदान गुरुजी सांगतात पुढे काय करायचं ते. इथे माझी चौदा वर्षांची लेक ओवी हुकूम सोडत होती, तेही इंग्लिशमध्ये, आणि मी आपली मुकाट्याने गराजमध्ये वस्तूंचा ढीग रचत होते. कुत्र्याची लांब दोरी. ती बांधायला जमिनीत पिळून घालायचा खुंटा. त्याचा पाण्याचा वाडगा, त्याचं पांघरूण, त्याचं लाल लाइफजॅकेट. माझे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, कुठे आहेत हे मात्र कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणाला पडलीही नव्हती.

कुत्र्याचं नाव पिकल. म्हणजे लोणचं. ओवीनेच ठेवलं. माझा नवरा जगदीश त्याला सरळ लोणचं म्हणायचा, आणि ओवी चिडली की आणखी मोठ्याने म्हणायचा. फॉक्सी जातीचा, पांढरा, एका डोळ्यावर काळा डाग, मांजराहून थोडा मोठा. पण रुबाब असा, की घराचं कर्ज जणू तोच फेडतोय. ओवीला भाऊ नाही, बहीण नाही. बाप, म्हणजे जगदीश, ख्राइस्टचर्चला. भूकंपात पडलेल्या इमारती उभ्या करायला म्हणून गेला, तो आमच्या अवोन्डेलच्या घरी पंधरवड्यातून एकदा पाहुण्यासारखा यायचा. माझ्याशी ओवीचं बोलणं म्हणजे "फाइन" आणि "व्हॉटेव्हर". पिकलशी मात्र खोलीचं दार लावून तासन्‌तास गप्पा. दाराबाहेरून जाताना मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

कॅम्पिंगचं खूळ जगदीशचं. म्हणाला, वायटांगी डेला लाँग वीकेंड आहे, चौघं जाऊ, पिकलसकट जाऊ, जरा घरासारखं राहू. बोलायला काय जातं? बहुतेक ठिकाणी कुत्रा चालत नाही. किवी पक्षी असलेल्या रानात तर नावच काढायचं नाही. फोन करकरून माझा घसा बसला, तेव्हा कुठे कोरोमंडलला एका शेतकऱ्याने समुद्राकाठच्या त्याच्या कुरणात जागा दिली. कुत्रा बांधून ठेवा, माझ्या मेंढ्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका, बाकी स्वीट अॅज, म्हणजे खुशाल या, म्हणाला. ओवीने त्या दिवशी मला मिठी मारली. कधी मारली होती त्याआधी, मला आठवेना.

तिने आठवडाभर आधीच मागच्या लॉनवर तंबू ठोकला. पिकलला तंबूची सवय व्हायला हवी, नाहीतर तो तिथे घाबरेल, असं तिचं म्हणणं. शाळेतून आली की जँडल्स, म्हणजे रबरी चपला, तंबूबाहेर काढून दोघं आत जाऊन पडायची. नुसत्या हसण्याचा आवाज यायचा.

आमच्यातला चौथा माणूस म्हणजे आबा, माझे सासरे. सासूबाई गेल्यावर त्यांना आम्ही भोरहून इकडे आणलं. सगळा जन्म किराणा दुकानात गेला त्यांचा. इथलं इंग्लिश त्यांना ओ की ठो कळायचं नाही. पण माणूस अतिशय सभ्य. कुणीही काहीही बोललं की हसून मान हलवायची, आणि मग हळूच माझ्याकडे बघायचं. मी मराठीत सांगायचं. शेजारीण बोलली, मान, मग मी. कुरिअरवाला बोलला, मान, मग मी. घाईत असले की मी "काही नाही हो आबा" म्हणून मोकळी व्हायचे. ओवीला मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. किती डोकं फोडलं मी तिच्यापुढे. अगं, एक वाक्य बोल त्यांच्याशी, एक. तर म्हणायची, मम, ही गेट्स इट.

पिकल घरी आला त्या दिवशी तिने सगळ्यांना हॉलमध्ये बसवून बजावलं होतं. चॉकलेट नाही, कांदा नाही, ग्रेप्स नाहीत, रेझिन्स तर अजिबात नाहीत, कुत्र्याला ते विष असतं. "ओके, आजोबा?" असंही विचारलं होतं. आबांनी हसून मान हलवली होती. मी समोरच होते. मीही ते मराठीत सांगितलं नाही, कारण आबा तेव्हा कुत्र्याकडे बघायलाही तयार नव्हते. देव्हाऱ्याच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे तो दिसला की.

आबांची आणखी एक सवय होती. जेवायला बसले की पहिला घास गाईचा म्हणून बाजूला काढायचे. भोरला रोज एक गाय दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहायची म्हणे. अवोन्डेलला गाय कुठून आणणार? मग ते तो घास मागच्या कुंपणावर ठेवायचे. आधी पक्षी आले, मग उंदीर आले, आणि मग मी आले. एवढी तोंड सोडून बोलले, की कुंपणावरचा घास बंद झाला. घास काढायचे मात्र थांबले नाहीत. तो आता जातो कुठे, हे मी विचारलं नाही. उंदीर गेले, माझ्यापुरता विषय संपला.

तर जायच्या आधीच्या रविवारी आबांनी सत्यनारायण घालायला लावला. एवढ्या लांब, समुद्राकाठी, कापडाच्या घरात राहायचं म्हणजे देवाला सांगून जायला हवं. जगदीश त्यासाठी आला, पूजेला बसला, संध्याकाळच्या विमानाने परत गेला. शिऱ्यातले बेदाणे आबांनी स्वतः इंडियन दुकानात जाऊन निवडले होते. पाकिटं दाबून दाबून, मोठे, मऊ, सोनेरी. दुकानदार माणूस, बेदाण्यात त्यांना कोण फसवणार? पण लोक येणार होते त्यातले निम्मे आलेच नाहीत. आले त्यांनी साखर नको म्हणून चमचाभर घेतला. पातेलंभर शिरा उरला. प्रसाद टाकायचा नसतो, मग आबाच तो रोज खात बसले. त्यांना कवळी आहे, बेदाणे तिच्यात अडकतात, म्हणून ते एकेक बेदाणा निवडून बाजूला काढायचे. मी रोज बघत होते की. ताट घासायला यायचं ते स्वच्छ.

मंगळवारी पिकलने ओकाऱ्या काढल्या. बुधवारी तो तंबूतून बाहेरच येईना. ओवी रडकुंडीला आली, तशी मी ऑफिसमधून लवकर निघाले आणि आम्ही त्याला व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, घेऊन गेलो. आबा म्हणाले, मी पण येतो. गाडीत त्यांनी त्याला आपल्या जुन्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. मला इतकं बरं वाटलं ते बघून. म्हटलं, चला, दोन वर्षांनी का होईना, माणूस विरघळला.

व्हेट तरुण मुलगी होती. तिने पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, काही वेगळं खाल्लंय का? चॉकलेट? कांदा? ग्रेप्स? रेझिन्स? ओवी जवळजवळ अपमान झाल्यासारखी म्हणाली, नो, वी आर सुपर केअरफुल. मीही नाही म्हटलं. आबांनी हसून मान हलवली आणि माझी बाही ओढली.

"काय विचारते गं ती?"

माझा फोन वाजत होता. ऑफिसमधून, दुसऱ्यांदा.

"काही नाही हो आबा. पोट बिघडलंय म्हणते."

आबांनी पुन्हा मान हलवली. पिकलच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. ओकारी थांबायचं इंजेक्शन देऊन तिने आम्हाला घरी पाठवलं.

गुरुवारी सकाळी पिकलला उठता येईना. पाणी नाही, शी-शू नाही. जगदीश विमानतळावरून थेट दवाखान्यात आला. रक्त तपासलं तर दोन्ही किडन्या जवळजवळ बंद. व्हेटने पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज कडक होता. असं बहुतेक वेळा रेझिन्सने होतं, तुमची नक्की खात्री आहे? आम्ही तिघांनीही शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं, नाही म्हणजे नाही. आबा त्या दिवशी घरी होते. तिने पिकलला सलाईन लावून ठेवून घेतलं.

घरी आलो तर आबा दारातच उभे. कसा आहे, विचारलं. जगदीश म्हणाला, बरा होईल. आबा आत गेले आणि त्यांच्या खोलीतून एक स्टीलचा डबा घेऊन आले. सासूबाईंचा, हळदी-कुंकवाला वाटायच्या तसल्यातला छोटा डबा. तो त्यांनी गराजमधल्या ढिगावर, लाल लाइफजॅकेटच्या शेजारी नीट ठेवला.

"हे त्याचं. तंबूत रात्री भूक लागली तर कुठे शोधत बसणार तुम्ही? फार आवडतात त्याला."

ओवीने झाकण उघडलं. आत काठोकाठ बेदाणे होते. प्रसादाच्या शिऱ्यातून निवडलेले, रव्याचे कण चिकटलेले.

आबा सांगत होते, अगदी खुशीत. गाय नाही तर नाही, मुका जीव तो मुका जीव. बरेच दिवस झाले, आपला घास ते त्यालाच देतात. रविवारपासून रोज मूठमूठ बेदाणे देतायत. हातातून किती हळू घेतो म्हणे, दात लागू देत नाही. ओवी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला प्रत्येक शब्द कळत होता. तिने डबा खाली ठेवला आणि सरळ लॉनवर तंबूत जाऊन चेन ओढून घेतली.

जगदीशने व्हेटला फोन केला.  ती म्हणाली, हे काल कळलं असतं तर कालच सलाईन लावलं असतं, चान्स बरा होता. जगदीशने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आबांनी काल माझी बाही ओढून विचारलं होतं, ते मी त्याला सांगितलं.  तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, आबांना यातलं काहीही सांगायचं नाही, ते जगायचे नाहीत. ओवीलाही तंबूबाहेर उभं राहून त्याने तेच सांगितलं. 

शुक्रवारी, आम्ही ज्या वेळी कोरोमंडलच्या रस्त्याला लागायचो त्या वेळी, पिकलला इंजेक्शन देऊन झोपवलं. इथे तसंच म्हणतात, झोपवणं. ओवीने त्याला धरून ठेवलं होतं. त्याच्या गळ्यात नवा बिल्ला होता, आमचा फोन नंबर कोरलेला, हरवलाच तर कुणी परत आणून द्यावा म्हणून. ती तो हातात घट्ट धरून गाडीत बसली. 

आबांना जगदीशने सांगितलं, किडनीचा आजार होता, त्या जातीत असतो. आबा खुर्चीवर बसले आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हा आमच्यासमोर रडले नव्हते. मी चहा केला. कुणी घेतला नाही.

शनिवारी सकाळी ते मागच्या लॉनवर गेले आणि तंबूच्या दाराशी उकिडवे बसले. आत ओवी होती. चेन उघडी होती. मी कपडे वाळत घालत होते म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. त्यांना तिचं सांत्वन करायचं होतं, दुसरं काय! पोरीशी बोलायला आपणहून गेले होते. म्हणाले, बाळ, रडू नकोस. तो पुण्यवान जीव होता. शेवटचे दिवस रोज देवाचा प्रसाद खाऊन गेला, माझ्या हातून. असं मरण माणसालाही मिळत नाही.

मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. पळत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण तोपर्यंत ओवी बाहेर आली होती. केस विस्कटलेले, मुठीत तो बिल्ला. तिने आबांकडे बघितलं आणि बोलली. सावकाश, एकेक शब्द जुळवून, कुठेही न चुकता. दोन वर्षं मी जे एक वाक्य मागत होते, ते.

"आजोबा, तुमच्या बेदाण्यांनी मेला तो. तुम्ही मारलंत त्याला."

आबांच्या चेहऱ्यावर ते सवयीचं हसू आलं आणि तिथेच राहिलं. मान हलली नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं, मी मराठीत सांगेन म्हणून.